किमान वेतनवाढीनंतर स्लिप तपासताना: कंत्राटी कामगारांच्या पगार पडताळणीच्या नोंदी, जुलै ते डिसेंबर २०२५

२८ जुलै २०२५

काम पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यातलं. अभियांत्रिकी कारखान्यांत ठेकेदारामार्फत साफसफाई, माल चढवणं-उतरवणं आणि मशिनवर मदतनिसाचं काम करणाऱ्यांच्या पगार स्लिपा तपासायच्या. १ जुलैपासून दर वाढलाय, तो प्रत्येकाच्या स्लिपेत उतरलाय का, एवढाच प्रश्न. पण उत्तर एका नजरेत मिळत नाही, म्हणून या नोंदी.

महाराष्ट्रात किमान वेतनाचे दोन तुकडे असतात. पहिला मूळ दर. तो त्या त्या रोजगारासाठी अधिसूचनेनं ठरतो आणि किमान वेतन अधिनियम, १९४८ प्रमाणे पाच वर्षांच्या आत त्याचा फेरविचार व्हायला हवा. दुसरा विशेष भत्ता. ग्राहक किंमत निर्देशांकाच्या सहा महिन्यांच्या सरासरीवर तो बदलतो, १ जानेवारीला आणि १ जुलैला. कामगार ज्याला ‘दर वाढला’ म्हणतात, ती बहुतेक वेळा या भत्त्यातली वाढ असते.

गोंधळाचं मूळ इथंच आहे. भत्ता जाहीर व्हायचा तो जुलैच्या किंवा जानेवारीच्या अखेरच्या आठवड्यात, आणि लागू मात्र १ तारखेपासून. ठेकेदाराच्या ऑफिसात तोवर महिन्याचा हिशेब निम्मा झालेला असतो, जुनाच दर ओढला जातो आणि ‘पत्रक आलं नव्हतं’ हे उत्तर तयार असतं. पत्रक उशिरा आलं म्हणून देणं उशिरा सुरू होत नाही. तो फरक द्यावाच लागतो.

२ ऑगस्ट

दर शोधण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करायच्या. यातली एक चुकली तर पुढचं सगळं गणित बरोबर येऊनही उत्तर चूक.

रोजगार कोणता: कायद्याच्या अनुसूचीत रोजगारांची यादी आहे आणि प्रत्येकाची अधिसूचना वेगळी. अभियांत्रिकी उद्योगाचा दर वेगळा, दुकाने व व्यापारी आस्थापनांचा वेगळा. ठेकेदाराची फर्म ‘व्यापारी आस्थापना’ म्हणून नोंदलेली आहे, म्हणून कारखान्याच्या शॉप फ्लोअरवर राबणाऱ्याला दुकानाचा दर लावलेला सर्रास दिसतो. मग अधिसूचनेतलं रोजगाराचं वर्णन उघडून शब्दन् शब्द वाचायचा.

परिमंडळ, म्हणजे दर ठरवण्यासाठी पाडलेला भाग, कोणतं: काम जिथं चालतं ते ठिकाण धरायचं, ठेकेदाराचं ऑफिस नव्हे. परिमंडळाची व्याख्या सगळ्या अधिसूचनांत सारखी नसते. त्यामुळे ‘आमच्या गावाला परिमंडळ २ लागतं’ हे एका उद्योगात खरं आणि शेजारच्या उद्योगात खोटं असू शकतं.

वर्ग कोणता: अकुशल, अर्धकुशल, कुशल. नेमणूकपत्रात काय छापलंय यापेक्षा हात काय करतात हे बघायचं. ‘हेल्पर’ म्हणून लावलेला माणूस रोज ड्रिल मशिन चालवत असेल, तर अकुशलाचा दर त्याच्यावर अन्याय आहे. अधिसूचनेत प्रत्येक वर्गाखाली कामांची नावं दिलेली असतात. त्या यादीत त्याचं काम शोधायचं आणि त्यापुढे पुरावा लिहायचा: कोणतं मशिन, कोणती पाळी, कोणाच्या सांगण्यावरून. ‘ट्रेनी’ म्हटलेल्यांचंही असंच. शिकाऊ उमेदवारीचा नोंदलेला करार नसेल, तर नुसत्या ‘ट्रेनी’ या नावानं किमान वेतन चुकवता येत नाही.

५ ऑगस्ट

तपासणीची शीट तयार. पुढच्या सगळ्या उदाहरणांत गणित समजावं म्हणून सोयीचे आकडे धरलेत, ते कुठल्याही पत्रकातले नाहीत: जूनपर्यंत मूळ दर अधिक विशेष भत्ता मिळून महिना १३,००० रुपये, १ जुलैपासून १३,२७५. आपापला खरा आकडा कामगार आयुक्तांच्या पत्रकातून घ्यायचा.

रोजचा दर: महिन्याचा दर भागिले २६, आणि पैशाच्या अपूर्णांकाला पुढचा पैसा. १३,००० चे ५००.००, १३,२७५ चे ५१०.५८. या २६ च्या भागाकारात साप्ताहिक सुट्टीचा पगार आलेला असतो, म्हणून सुट्टीचे वेगळे पैसे धरायचे नाहीत.

तासावर काम करणाऱ्या अर्धवेळ कामगाराचा दर: रोजचा दर भागिले ८, वर १५ टक्के. ५१०.५८ ला आठाने भागून ६३.८२२५, त्यावर १५ टक्के धरून ७३.४०. चार तास झाडलोट करणाऱ्या बाईंना बहुतेक ठिकाणी सरळ ‘अर्धा रोज’ दिला जातो, हे १५ टक्के कुणी देतच नाही. चार तासांचे २९३.६० व्हायला हवेत, अर्ध्या रोजाचे होतात २५५.२९. रोजचे ३८ रुपये जातात आणि बाईंना त्याचा पत्ताही नसतो.

११ ऑगस्ट

जुलैच्या स्लिपा यायला लागल्या. पहिली अडचण हजेरीच्या कालावधीची. बऱ्याच ठेकेदारांची हजेरी २६ तारखेपासून पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत असते. स्लिपेवर ‘जुलै’ छापलेलं असतं, पण त्यात जूनचे दिवस आहेत. अशा स्लिपेत दोन दर यायलाच हवेत.

२६ जून ते २५ जुलै २०२५ चा हिशेब: जूनमध्ये रविवार २९ सोडून कामाचे दिवस ४, जुलैत तीन रविवार सोडून २२. पूर्ण हजेरी असेल तर ४ गुणिले ५०० म्हणजे २,०००, अधिक २२ गुणिले ५१०.५८ म्हणजे ११,२३२.७६. एकूण १३,२३२.७६. स्लिपेवर १३,००० असतील तर फरक २३२.७६. कामगाराकडून मागणी २७५ ची होते, ठेकेदार म्हणतो काहीच निघत नाही, आणि बरोबर आकडा तिसराच असतो. मागणीपत्रात पैशापर्यंत अचूक आकडा गेला की अकाउंटंट वाद घालत बसत नाही.

कालावधी २५ ला संपत असेल तर पगाराची मुदतही तिथूनच मोजायची. वेतन प्रदान अधिनियम, १९३६ प्रमाणे हजारापेक्षा कमी कामगार असतील तर कालावधी संपल्यापासून सात दिवसांत पगार व्हायला हवा, त्याहून जास्त असतील तर दहा दिवसांत. म्हणजे या ठेकेदाराकडे १ ऑगस्ट. ‘सात तारखेपर्यंत वेळ आहे’ हे इथं चालत नाही.

१४ ऑगस्ट

सगळ्यात मोठी गळती इथं सापडते, वाढीपेक्षा कितीतरी मोठी. म्हणून सविस्तर.

ठेकेदार महिन्याचा दर ३० ने भागतो: १३,२७५ भागिले ३०, रोज ४४२.५०. ही पद्धत आपोआप चूक ठरत नाही. ३० ने भागलं तर साप्ताहिक सुट्ट्याही पगारी दिवस म्हणून मोजायच्या, एवढीच अट. २६ ने भागलं तर फक्त हजर दिवस मोजायचे. दोन्ही पद्धती आपापल्या जागी ठीक आहेत. लबाडी होते ती दोन्हींची सरमिसळ करून: भागाकार ३० ने आणि गुणाकार फक्त हजर दिवसांनी.

एका माणसाचे महिन्यात चार खाडे झाले, हजेरी २२. २६ च्या पद्धतीनं २२ गुणिले ५१०.५८, म्हणजे ११,२३२.७६. सरमिसळीनं २२ गुणिले ४४२.५०, म्हणजे ९,७३५. एका महिन्यात १,४९७.७६ रुपये गेले. स्लिपेवर ‘दर १३,२७५’ ठळक छापलेला असतो, त्यामुळे वाढ मिळाली असंच वाटतं आणि कमी पगार खाड्यांच्या नावावर खपून जातो.

ओळखायची सोपी खूण: स्लिपेवरची मूळ वेतन अधिक भत्त्याची मिळालेली रक्कम हजर दिवसांनी भागायची. ५१०.५८ च्या खाली आली की थांबायचं आणि सुट्ट्या मोजल्यात का ते बघायचं.

याच जातीची दुसरी गोष्ट म्हणजे गायब होणारा सत्ताविसावा दिवस. जुलै २०२५ मध्ये चार रविवार, म्हणजे कामाचे दिवस २७. रोजंदारीवरचा माणूस सगळे दिवस आला तर २७ रोज द्यायचे, १३,७८५.६६. पण ‘महिन्याला २६ च रोज’ असा दंडक लावून एक दिवस कापला जातो. महिन्याच्या पगारावरच्या माणसाला तो वेगळा मिळत नाही हे खरं, पण रोजंदारीवाल्याला मिळायलाच हवा. कामगार दोन्हींपैकी कशात मोडतो हे आधी ठरवायचं.

१९ ऑगस्ट

आज कटिंग. बऱ्याच तक्रारी ‘२७५ वाढले म्हणता, हातात तेवढे आले नाहीत’ अशा आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी पगार बरोबर असतो. पुरुष कामगार, पूर्ण महिना, नवा दर:

पीएफ १२ टक्के: १,५९३. ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा, ०.७५ टक्के: ९९.५६, तो वरच्या रुपयाला न्यायचा, म्हणून १००. व्यवसाय कर २००. हातात ११,३८२. जुन्या दरानं १,५६०, ९८ आणि २०० कापून ११,१४२. हातात वाढ २४० ची. बाकीच्या ३५ पैकी ३३ त्याच्याच पीएफ खात्यात जातात, २ ईएसआयला. हे आकडे मांडून दाखवले की शंका मिटते. म्हणूनच मागच्या महिन्याच्या ‘हातात’शी तुलना करू नका, असं प्रत्येकाला सांगतोय.

आता चुकीचं कटिंग. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर नाही. तरी साफसफाईच्या बायकांच्या स्लिपेत २०० रुपये दिसतात, कारण सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यांना एकच नियम लावून ठेवलाय. फेब्रुवारीत तेच ३०० होतात. म्हणजे वर्षाचे २,५००. हा एक रकाना पडताळणीत सर्वात आधी बघण्यासारखा आहे.

कामगार कल्याण निधीचे २५ रुपये जून आणि डिसेंबरमध्येच कापायचे. दर महिन्याला दिसले तर चूक. गणवेश, बूट, ओळखपत्र यांचे पैसे कापण्याआधी कायद्यातला आधार विचारायचा. मंजूर कपातींची यादी ठरलेली आहे, ठेकेदाराच्या मर्जीवर नाही. दंड लावायचा तर तोही महिन्याच्या वेतनाच्या ३ टक्क्यांच्या वर जात नाही, आणि कामगाराचं म्हणणं ऐकल्याशिवाय लावता येत नाही.

२५ ऑगस्ट

ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, जादा तासांचं काम. कारखाना अधिनियमाखाली दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांच्या वर काम झालं की दुप्पट दर. किमान दरावरचा दुप्पट तास: ६३.८२२५ दुणे, १२७.६५.

बारा तासांच्या पाळीत अर्धा तास जेवणाची सुट्टी खरोखर मिळत असेल तर काम साडेअकरा तास, सहा दिवसांत ६९. त्यातून ४८ वजा जाता २१ तास ओटी. २,६८०.६५ रुपये, एका आठवड्याचे. प्रत्यक्षात ‘एक्स्ट्रा ड्युटी’ म्हणून रोज २५० प्रमाणे १,५०० रोख मिळतात आणि स्लिपेवर आठच तास असतात. दर वाढला तरी हे २५० वर्षानुवर्षं तसेच राहतात. दर सहा महिन्यांनी ओटीचा दरही वाढायला हवा, हे कामगारांना सांगावं लागतं.

पुरावा म्हणून गेटवरच्या पंचिंगचा फोटो, बसच्या वेळा, सुपरवायझरचे ड्युटी लावल्याचे मेसेज. रोजच्या रोज वहीत आत-बाहेरची वेळ लिहिणारा कामगार चौकशीत भक्कम उभा राहतो. वही एकाच पेनानं एकाच बैठकीत लिहिलेली दिसली की तिची किंमत जाते, म्हणून आजपासूनच लिहायला सांगितलंय.

३ सप्टेंबर

नवा प्रकार: जूनच्या स्लिपेत १३,००० आणि ‘इतर भत्ता’ १,२००. जुलैच्या स्लिपेत १३,२७५ आणि ‘इतर भत्ता’ ९२५. बेरीज दोन्हीकडे १४,२००. वाढ एका खिशातून काढून दुसऱ्यात घातली.

इथं आपली बाजू नीट ओळखावी. एअरफ्रेट विरुद्ध कर्नाटक राज्य या १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं किमान वेतन हे एकत्रित पॅकेज म्हणून बघितलं. एकूण वेतन किमान दराच्या वर असेल तर ‘किमान वेतन दिलं नाही’ हा दावा टिकणं कठीण. हा वाद सेवाशर्तीतल्या बदलाचा आहे आणि औद्योगिक विवाद अधिनियमाच्या कलम ९-अ खालच्या बदलाच्या नोटिशीच्या वाटेनं जातो. चुकीच्या कायद्याखाली अर्ज गेला की महिने वाया जातात.

पण सगळेच भत्ते बेरजेत धरता येत नाहीत. प्रवास भत्ता, मालकाचा पीएफचा हिस्सा, राहण्याची जागा किंवा वीज-पाण्याची किंमत या गोष्टी १९४८ च्या कायद्यातल्या ‘वेतन’ या व्याख्येबाहेर आहेत. ‘कन्व्हेयन्स’ धरून किमान दर गाठलेला असेल तर दावा सरळ उभा राहतो. घरभाडे भत्ता त्या व्याख्येत येतो. मात्र ५० किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांना महाराष्ट्राचा १९८३ चा किमान घरभाडे भत्ता कायदा वेगळा आहे, किमान ५ टक्के. म्हणून शीटमध्ये दोन बेरजा ठेवल्यात, घरभाड्यासह आणि घरभाड्याशिवाय. दुसरी बेरीज किमान दराला पुरत असेल तर वादच नाही. पहिलीच पुरत असेल तर ते प्रकरण वकिलांकडे.

९ सप्टेंबर

स्लिप आणि पीएफचं पासबुक शेजारी ठेवून तपासणी. १३,२७५ वर पासबुकात तीन आकडे दिसायला हवेत: कामगाराचा हिस्सा १,५९३, मालकाचा ४८७, पेन्शनमध्ये १,१०६. मालकाचे दोन मिळून पुन्हा १,५९३.

काय चुकतं: स्लिपेत १,५९३ कापलेत आणि पासबुकात १,५६०, म्हणजे भरणा जुन्या दरानंच झाला. किंवा स्लिपेत ३,१८६ कापलेत, म्हणजे मालकाचा हिस्साही कामगाराच्या माथी मारला. हे सरळ बेकायदा आहे, ‘सीटीसीत (मालकाला पडणाऱ्या एकूण खर्चात) धरलंय’ या उत्तराला काही अर्थ नाही. तिसरा प्रकार, १३,२७५ चे तुकडे पाडून फक्त ७,००० वर पीएफ, म्हणजे ८४०. विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २८ फेब्रुवारी २०१९ ला सांगितलं की सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता पीएफच्या हिशेबातून वगळता येत नाही. पीएफ कार्यालयाला लिहिताना त्याचा आधार घ्यायचा.

१८ सप्टेंबर

सगळ्यात कठीण प्रकार. खात्यात नव्या दरानं पूर्ण पगार, स्लिप निर्दोष, आणि दुसऱ्या दिवशी मुकादम ठरलेली रक्कम रोख परत मागतो. न देणाऱ्याला पुढच्या महिन्यात गेटपास मिळत नाही. कागद बघून हे कधीच सापडणार नाही.

खूण बँकेच्या स्टेटमेंटमध्ये असते. पगाराच्या दुसऱ्या दिवशी एकाच एटीएममधून अनेकांची सारखीच रक्कम निघते. एकट्यानं तक्रार केली तर तो एकटा पडतो. स्टेटमेंटं एकत्र ठेवून, सह्या एकत्र घेऊन, एकाच अर्जात जायचं. नावं ठेकेदारापर्यंत जाणार हे सही घेण्यापूर्वी प्रत्येकाला स्पष्ट सांगितलं पाहिजे. अंधारात ठेवून घेतलेली सही आम्ही घेत नाही.

२६ सप्टेंबर

मागणीपत्रं ठेकेदाराला गेली, प्रत मूळ मालकाला म्हणजे कारखान्याला. कंत्राटी कामगार अधिनियम, १९७० च्या कलम २१ प्रमाणे ठेकेदारानं वेतन दिलं नाही किंवा कमी दिलं तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते आणि तो ते ठेकेदाराच्या बिलातून वळते करून घेऊ शकतो. कारखान्याच्या एचआरला हे कलम दाखवलं की फोन लवकर फिरतात.

पत्र असं: ‘कालावधी २६ जून ते २५ जुलै २०२५. रोजगार अभियांत्रिकी उद्योग. परिमंडळ, वर्ग. हजेरी २६, पैकी जुन्या दराचे ४ दिवस, नव्या दराचे २२. देय १३,२३२.७६. दिलेले १३,०००. फरक २३२.७६. सोबत स्लिप व बँक उतारा.’ एका कामगाराला एक ओळ, विशेषणं नाहीत. ‘शोषण’, ‘पिळवणूक’ हे शब्द भाषणात ठेवावेत. पत्रात ते आले की उत्तर त्या शब्दांनाच मिळतं, आकड्यांना नाही.

९ ऑक्टोबर

दिवाळी तोंडावर, बोनसचे प्रश्न. बोनस कायद्याप्रमाणे हिशेबाची मर्यादा ७,००० किंवा किमान वेतन, यांत जे जास्त ते. ठेकेदार ७,००० धरून वर्षाचे ६,९९७.२० देतात. किमान वेतन वर्षभर १३,००० असतं तर ८.३३ टक्क्यांनी १२,९९४.८० झाले असते. निम्माच बोनस हातावर टेकवला जातो.

२०२४-२५ चा हिशेब तीन तुकड्यांत करायचा: एप्रिल ते जून २०२४, जुलै ते डिसेंबर २०२४, जानेवारी ते मार्च २०२५. प्रत्येक तुकड्याचा विशेष भत्ता वेगळा. जुलै २०२५ चा वाढीव दर या बोनसला लागत नाही, तो पुढच्या वर्षी.

६ नोव्हेंबर

काही ठिकाणी फरक जमा झाला. तपासताना: फरकावर पीएफ आणि ईएसआय कापून भरलंय का, जुलैनंतर काम सोडून गेलेल्यांना मिळालाय का (त्यांना नेहमी विसरतात), आणि ओटीच्या दरातला फरक धरलाय का. पीएफ ओटीवर लागत नाही, ईएसआय लागतं.

‘सर्व रक्कम मिळाली, कोणतीही तक्रार नाही’ असा छापील कागद सहीला आला, तर मिळालेली रक्कम आणि कालावधी हातानं लिहूनच सही करायची. किमान वेतनावर पाणी सोडणारा करार १९४८ च्या कायद्याच्या कलम २५ प्रमाणे शून्यवत आहे. तरी चौकशीत तो कागद त्रास देतो.

२४ नोव्हेंबर

किमान वेतन, वेतन प्रदान आणि बोनस यांच्या जुन्या कायद्यांच्या जागी आलेली वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबरपासून लागू झाली. आमच्या कामापुरते बदल: दाव्याची मुदत आता तीन वर्षं, आधी ती सहा महिन्यांची होती. थकबाकीच्या दहापटीपर्यंत भरपाईची तरतूद कायम. कमी वेतनाबद्दल दंड ५०,००० रुपयांपर्यंत, जुन्या कायद्यात तो ५०० होता. पैसे दिल्याचं सिद्ध करायची जबाबदारी मालकावर. आणि वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात धरायचा. त्यामुळे ७,००० वर पीएफ कापणाऱ्या स्लिपांची रचना बदलावी लागणार. राज्याच्या जुन्या अधिसूचना संहितेशी विसंगत नसतील तिथं चालू राहतात, म्हणजे दर बघायचा तो त्याच पत्रकात.

जुलैच्या फरकाचे अर्ज मात्र जुनीच मुदत धरून, जानेवारीअखेरच्या आत सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात द्यायचे. नवी तीन वर्षं जुन्या थकबाकीला लागतात की नाही यावर भांडण होऊ शकतं. ते आपल्या अर्जावर होऊ देण्यात शहाणपणा नाही.

१० डिसेंबर

१ जानेवारीच्या बदलाची तयारी. २६ डिसेंबर ते २५ जानेवारीच्या स्लिपेत पुन्हा दोन दर येणार, म्हणून शीटमध्ये दोन्ही दरांचे रकाने आत्ताच घातलेत. डिसेंबरच्या स्लिपेचा स्वच्छ फोटो प्रत्येकानं काढून ठेवायचा. नव्या दराची तुलना तिच्याशीच होणार, आणि थर्मल कागदावरची छपाई दोन-तीन महिन्यांत उडते. डिसेंबरमध्ये कल्याण निधीचे २५ रुपये कापले जातील, ते बरोबर आहेत, त्यावरून तक्रार नको. ज्यांच्या वर्गाचा वाद बाकी आहे त्यांनी जानेवारीत कोणत्या मशिनवर कोणत्या तारखेला काम केलं, हे पहिल्या दिवसापासून लिहायचं.